पंधरा मिनिटं थांबायचं

आपण आता मरणार, हे मला आयुष्यात पहिल्यांदा पंचवटीच्या भाजीबाजारात कळलं, वांगी निवडताना. पुढच्या चार वर्षांत ते मला इतक्या वेळा आणि इतक्याच खात्रीनं कळलं, की नोंद ठेवली असती तर वही भरली असती. एकदाही मेले नाही. ज्या माणसाचं खरंच मरण आलं होतं, त्याला मात्र तसं काही वाटलं नाही. त्याला वाटलं, बायकोचं दुखणं आपल्याला लागलं. आणि बायकोलाही तसंच वाटलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

त्या दिवशी बाजारात काहीही घडलं नव्हतं. हे मी नंतर प्रत्येक डॉक्टरला सांगत आले. भांडण नाही, वाईट बातमी नाही, उपास नाही. वाचनालयातली सकाळची पाळी संपवून मी भाजी घ्यायला आले होते. एक वांगं हातात घेतलं आणि छातीत धाडकन काहीतरी आपटलं. मग ठोके इतके वेगानं पडायला लागले की ते गळ्यात, कानात, दातांत ऐकू यायला लागले. समोरची भाजीवाली बोलत होती, पण तिचे नुसते ओठ हलत होते. सगळा बाजार दूर गेला, काचेपलीकडं असावा तसा. घशातून श्वास आत जाईना. बोटांना मुंग्या आल्या आणि ती आपोआप आत वळली, इतकी घट्ट की मुठीतलं वांगं सोडवायला त्या बाईला माझी बोटं एकेक करून उघडावी लागली. तिनं मला पोत्यावर बसवलं, पाणी पाजलं आणि माझ्या मोबाइलवरून घरच्या माणसाला फोन लावला.

घरचा माणूस म्हणजे माझा नवरा. तो सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. तयार झालेले सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे बघायचं, एवढंच काम वीस वर्षं. शिफ्ट सोडून तो मोटारसायकलवर आला आणि मला दवाखान्यात घेऊन गेला. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं व्यवस्थित. गॅस झाला असेल, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. मला स्वतःचीच लाज वाटली. एवढ्याशा गॅससाठी मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेऊन बसले होते.

दुसऱ्या वेळी अशक्तपणा निघाला. तिसऱ्या वेळी थायरॉईड तपासलं, तेही बरोबर. सिन्नरजवळच्या गावाहून सासूबाईंनी जीपवाल्याबरोबर मीठ-मोहऱ्यांची पुरचुंडी पाठवली आणि कुणाकडून, कधी, कशी ओवाळून घ्यायची हे फोनवर दोनदा समजावलं. मी ओवाळूनही घेतलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्या दिवसांत कुणी म्हणालं असतं गंगेत उलटं चालत जा, तर मी गेले असते. माहेरचे म्हणाले, तू विचार फार करतेस. जसा काही मी विचारांचा जोडधंदा काढला होता.

दरवेळी तो मला घेऊन धावला. पहाट असो, दुपार असो, गाडीला किक मारताना त्यानं कधी कपाळाला आठी घातली नाही. दवाखान्यातले वॉर्डबॉय आम्हाला ओळखायला लागले. एकदा त्यांच्यातला एक दुसऱ्याला हसून काहीतरी म्हणाला, ते मी ऐकलं नाही पण समजलं.

सातव्या खेपेला तिथं एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझी पट्टी पाहिली, जुनी कागदपत्रं पाहिली, आणि स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या. तोवर एकही डॉक्टर बसला नव्हता. त्या म्हणाल्या, तुमचं हृदय ठणठणीत आहे आणि तुम्ही नाटकही करत नाही. हा घाबरण्याचा झटका आहे. घरात चोर शिरला तर अंग जसं पळायला किंवा मारामारीला तयार होतं, तसं ते चोर नसताना तयार होतं. ठोके वाढतात, घाम सुटतो, पोटात कालवतं, पाय लटपटतात. भराभर श्वास घेतल्यामुळं बोटांना मुंग्या येतात आणि ती वळतात. जग खोटं वाटायला लागतं, आपल्याला वेड लागतंय असं वाटतं, मरतोय असं वाटतं. दहा मिनिटं हे चढत जातं आणि मग आपलं आपण उतरतं. यानं कुणी मरत नाही. तेव्हा प्रत्येक वेळी धावत येऊ नका. पंधरा मिनिटं थांबा, श्वास सावकाश बाहेर सोडा, डोक्याला काहीतरी काम द्या. पुन्हा पुन्हा होतंच राहिलं तर मनाच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात कमीपणा नाही.

उठताना त्या आणखी एक वाक्य म्हणाल्या. ज्याला पहिल्यांदाच असं होतंय, त्यानं आधी हृदय तपासून घ्यायचं, मग बाकीचं. तुमचं सात वेळा तपासून झालंय म्हणून मी हे सांगतेय. हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. ते मी ऐकलंच नव्हतं, असं स्वतःला पटवायचा प्रयत्न मी नंतर पुष्कळ केला, पण ते मला जसंच्या तसं आठवतं.

घरी आल्यावर नवऱ्यानं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. त्यावर त्याच्या तपासणी विभागातल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘पंधरा मिनिटं थांबायचं.’ मापाचा माणूस. त्याला कुठल्याही गोष्टीला माप सापडलं की निम्मं काम झाल्यासारखं वाटायचं. डोक्याला काम म्हणून त्यानं मला नाशिक जिल्ह्यातले तालुके म्हणायला लावले. शाळेत त्याच्या गुरुजींनी ते एका दमात म्हणायला शिकवले होते. झटका आला की तो माझ्यासमोर मांडी घालून बसायचा, माझी वळलेली बोटं आपल्या हातात धरायचा आणि सुरू करायचा, सिन्नर, इगतपुरी, निफाड, येवला. मी त्याच्यामागून म्हणायची. त्याच्या शाळेच्या वेळी तालुके तेरा होते. आता पंधरा आहेत, देवळा आणि त्र्यंबकेश्वर नंतर वेगळे झाले. तो दरवेळी ते दोन विसरायचा आणि मी अर्धमेल्या अवस्थेतही ती चूक काढायची. मी चूक काढली की तो म्हणायचा, झालं, बरी झालीस.

खरंच बरं व्हायचं. वर्षभरात झटके कमी झाले आणि आले तरी मला त्यांचा मान राखता यायला लागला. आला, चढला, उतरला. आणि मग माझ्या अंगात शहाणपण आलं. कॉलनीतल्या बायका मला विचारायला यायच्या. कुणाच्या जावेला धडधडतंय, कुणाच्या बहिणीला लिफ्टमध्ये गुदमरतंय. मी त्यांना बसवून डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगायची, वाचनालयात आलेल्या मासिकांतल्या चार ओळी वरून घालायची. दोघींना चांगला फरकही पडला. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. मी तर वाटीभर हळद अंगाला फासून फिरत होते.

ती सकाळ थंडीतली होती. त्याची पहिली पाळी होती, कंपनीची बस पावणेसातला कॉलनीच्या तोंडाशी यायची. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. सहा वाजता मी डबा भरत होते. तो दिवाणाच्या काठावर एक मोजा घालून आणि दुसरा हातात धरून बसला होता.

तो म्हणाला, “अगं, तुझं मला लागलं बहुतेक. छातीत जड वाटतंय.”

मी हसले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिते आहे. मी हसले, आणि माझ्या मनाच्या तळाशी कुठंतरी बरंही वाटलं. वाटलं, आता याला कळेल. चार वर्षं त्यानं माझी इतकी सेवा केली, पण आतून ते कसं असतं हे त्याला कधी कळलं नव्हतं. मला त्या भयाच्या खोलीत कुणीतरी सोबत हवं होतं. नवऱ्याच्या छातीत दुखतंय आणि बायकोला सोबत मिळाल्याचं समाधान होतंय. मी माझा तेवढ्या क्षणापुरता तिरस्कार करते आणि तो क्षण अजून संपलेला नाही.

मी त्याला नीट टेकून बसवलं. घाम येतोय का विचारलं. मानेवर आला होता, एवढ्या थंडीत. मला येतो तसाच, म्हटलं. हाताला मुंग्या? डावा हात जड आहे म्हणाला. माझेही हात जड व्हायचे. पोटात? मळमळतंय. तेही माझ्यासारखंच. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडं जोडी होती. त्यानं दाढेवर बोट दाबलं आणि म्हणाला, इथपर्यंत ठणकतंय. माझ्या यादीत दाढ नव्हती. दाढ किडली असेल, असं मीच म्हणाले.

मग मी त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि तालुके सुरू केले. तो म्हणत गेला. बाराव्या-तेराव्याला त्याचा चेहरा जरा सैल झाला. कमी झालं म्हणाला. मी घड्याळ पाहिलं, सव्वासहा. बघा, म्हटलं, बरोबर पंधरा मिनिटं.

पण बसपर्यंत चालत जायला नको वाटतंय म्हणाला. मी कंपनीत फोन करून दुसऱ्या पाळीला येतील असं कळवलं. त्यानं अर्धा कप चहा घेतला. पडून राहिला. सातला पुन्हा जड वाटायला लागलं, पुन्हा तालुके. पुन्हा थोडं कमी. साडेसातला तोच म्हणाला, जाऊन यायचं का दवाखान्यात? मी म्हटलं, जाऊ की, पण ते काय म्हणणार ते तुम्हाला माहीत आहे. तोही हसला. वॉर्डबॉयची आठवण आम्हा दोघांनाही झाली असणार. तो म्हणाला, आता नवराही आला म्हणतील, जोडीनं. आम्ही दोघं त्या हसण्याला घाबरून आणखी एक तास घरात बसून राहिलो. नियम होता, आणि दर पंधरा मिनिटांनी आम्ही तो पहिल्यापासून मोजत होतो.

साडेआठला त्याला उलटी झाली आणि त्याचा रंग गेला. तो रंग पाहिल्यावर माझ्यातली शहाणी बाई एका क्षणात नाहीशी झाली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली, दहा मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. पट्टीचा कागद मशीनमधून बाहेर येत असतानाच तिथल्या तरुण डॉक्टरनं दोन नर्सना हाक मारली आणि त्या पळत आल्या. मी इतक्या वेळा ती पट्टी निघताना पाहिली होती, पण त्यासाठी कुणी कधी पळालं नव्हतं.

डॉक्टरनं विचारलं, “दुखायला कधी लागलं?”

त्यानं तोंडावरचा मास्क बाजूला केला. माझ्याकडं पाहिलं. “अर्धा तास झाला.”

डॉक्टरनं कागद पुन्हा पाहिला आणि म्हणाला, यावरून जास्त वेळ झाल्यासारखा वाटतो. मग माझ्याकडं वळून विचारलं, बाई, नक्की अर्धाच तास? आणि मी मान हलवली. बोलायलाही लागलं नाही, नुसती मान हलवली. तेवढ्यात तो मला वाचवून मोकळा झाला होता आणि मी वाचले होते.

नंतर मी दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारलं, खरं सांगितलं असतं तर उपचार वेगळे झाले असते का? ते म्हणाले, त्या घडीला बहुधा हेच केलं असतं. मग मी विचारलं, आणि सहा वाजताच आणलं असतं तर? ते टेबलावरची पेनं सारखी करायला लागले. मी उत्तराची वाट न बघता उठले.

तो तीन दिवस राहिला. सासूबाई आणि धाकटा दीर गावाहून दुपारच्या आत आले. डॉक्टरनं त्यांना सांगितलं, बाईंनी अर्ध्या तासात आणलं, चांगलं केलं, पण झटका मोठा आहे, हृदयाचं नुकसान बरंच झालंय. सासूबाईंनी तिथंच माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मी भिंतीला टेकून उभी होते. माझी बोटं वळायला लागली होती आणि ती धरणारा माणूस आतल्या खोलीत होता.

दुसऱ्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. तो हळू आवाजात बोलला. “आईला अर्धा तासच सांगायचा.”

मी म्हटलं, “तुम्ही घरी या, मग काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.”

“येईन की,” तो म्हणाला. “पण ती आता तुझ्याकडंच राहणार. अर्धाच तास.”

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

आमच्याकडं माणूस गेलं की तेरा दिवस लोक भेटायला येतात. पाणी देतात, बाजूला बसतात आणि विचारतात, कसं झालं? मग घरातलं कुणीतरी पहिल्यापासून सांगतं. पुढचा आला की पुन्हा पहिल्यापासून. सांगून सांगून दुःख झिजतं, असा त्यामागचा हिशोब असावा, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो खराही ठरतो. आमच्या घरी हे काम सासूबाईंनी घेतलं. त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि प्रत्येकाला सांगायच्या, “माझ्या सुनंनं अर्ध्या तासात दवाखान्यात न्हेलं. एक मिनिट वाया घालवलं नाय तिनं. वेळच आली व्हती, त्याला कोण काय करणार? पण हाल नाय झाले माझ्या लेकराचे. अर्धा तास काय तो.” येणारी बाई माझ्याकडं बघून मान हलवायची. मी आत जायची, मोरीत बसायची, आणि झटका चढून उतरेपर्यंत नळ सोडून ठेवायची. लोकांना वाटायचं, रडते आहे.

त्या माझ्याकडंच राहिल्या. तो म्हणाला होता तसंच झालं. आम्ही दोघी सहा महिने, आठ महिने एकमेकींना सांभाळत होतो. मी वाचनालयात जायची, त्या दारात बसून भाजी निवडायच्या. आणि दूधवाला, नवी भाडेकरीण, देवळात भेटलेली अनोळखी बाई, जो कुणी चार शब्द बोलेल त्याला त्या अर्धा तास सांगायच्या. तो अर्धा तास हेच त्यांचं औषध होतं. माझ्यासाठी तो उंबरा होता, ज्याला मी दिवसातून दोनदा ठेचकाळायची.

शेवटी मी मनाच्या डॉक्टरांकडं गेले. जे चार वर्षांपूर्वी करायचं ते आता केलं. त्यांनी गोळ्या दिल्या, दोन-तीन वेळा बोलावलं, आणि तिसऱ्या वेळी मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, सासूबाईंना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, ते मी नाही ठरवणार. पण रोज खोटं कौतुक ऐकून घेत राहिलात, तर गोळी एकटी किती करेल?

मी ठरवत राहिले. सांगितलं तर माझ्या छातीवरचं ओझं उतरेल. पण माझ्या छातीवरून उतरून ते कुठं जाणार, एवढं न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. आणि नवऱ्याचा शब्द मोडणार होते, तो वेगळाच.

वर्षश्राद्धाला महिना राहिला, आणि सासूबाई कुणाकुणाला बोलवायचं ते मोजायला लागल्या. पुन्हा सगळे येणार, पुन्हा विचारणार, पुन्हा त्या सांगणार. त्या दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. मी खाली बघूनच सांगितलं. सहा वाजल्यापासून दुखत होतं, मी थांबवलं, माझ्यासारखंच आहे असं मला वाटलं, साडेआठला नेलं. अर्धा तास हे ते खोटं बोलले, आणि तुम्हाला सांगू नको म्हणाले होते.

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. दोन-तीन शेंगा त्यांनी तशाच सोलल्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील, छाती पिटतील, दिराला फोन लावतील. मी त्या सगळ्याची तयारी केली होती.

त्यांनी विचारलं, “दुखत व्हतं का त्याला लय?”

याची तयारी मी केली नव्हती. खोटं बोलायला ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, “हो.”

“सगळा वेळ?”

“मधे कमी व्हायचं. मग परत यायचं.”

त्या उठल्या, सोललेल्या मटारची परात उचलून आत नेली आणि झाकून ठेवली. मला एकही वाईट शब्द त्या बोलल्या नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. रात्री पानावर बसल्यावर, तुझं तोंड वाळलंय, दूध घे, एवढं म्हणाल्या. वर्षश्राद्धाला लोक आले, त्यांनी विचारलं, आणि सासूबाई म्हणाल्या, काय सांगायचं, गेला. बस, एवढंच. त्यानंतर दूधवाल्याला नाही, देवळातल्या बाईला नाही, त्यांनी तो अर्धा तास कुणालाही सांगितला नाही.

माझे झटके थांबत आले. हेही कबूल करायला हवं. महिना महिना येईनात. झोप लागायला लागली. सासूबाई सकाळी लवकर उठून देवासमोर बसायला लागल्या, मी साडेआठला चहा ठेवला की मगच उठायच्या. मला वाटायचं, जप करतात. बरं वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी आधार हवा.

मग एका सकाळी देवघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मी गेले तर त्या पाटावर बसलेल्या, घामानं कपाळ ओलं, हाताची बोटं आत वळलेली. तोंड उघडून श्वास ओढत होत्या. त्या बोटांकडं पाहून मला काय आहे ते कळलं, नव्वद टक्के, पंच्याण्णव टक्के कळलं. पण मी तालुके म्हणायला बसले नाही. घड्याळही पाहिलं नाही. रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. पट्टी चांगली आली. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा नेलं, पुन्हा चांगली. तिथला कुणी हसला असेल तर हसू दे.

तिसऱ्या वेळी तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पट्टी बाजूला ठेवली आणि त्या सासूबाईंच्या पलंगापाशी बसल्या. आजी, हृदय छान आहे तुमचं, असं म्हणून घरात काही झालंय का, कसली काळजी वाटते का, विचारलं. सासूबाई म्हणाल्या, काय नाय, वय झालं आता. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“बरं, हे असं कधी होतं? काही ठरावीक वेळ?”

“सकाळी. रोज.”

रोज, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

“किती वाजता?”

“सहाला सुरू व्हतं.”

“आणि थांबतं कधी?”

“साडेआठला.”

डॉक्टरीणबाई ते लिहून घेता घेता थांबल्या. म्हणाल्या, घाबरण्याचा झटका इतका वेळ राहत नाही, आजी. दहा-पंधरा मिनिटांत उतरतो तो.

“माझा राहतो,” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी सासूबाईंच्या पायाशी बसले, त्यांची बोटं हातात घेतली. ती अजून वळलेलीच होती. मग म्हणाले, “या वेळा कुठून आल्या, ते मी सांगते.”